परवाना कोणी मागत नसला, तरी घरचं पाळणाघर नीट कसं चालवायचं

घरी चकल्या तळून दुकानात विकायला ठेवल्या तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. दुसऱ्यांची आठ लेकरं सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरी सांभाळली तर कोणी येऊन काही विचारत नाही. मी लातुरात माझ्या राहत्या घरी पाळणाघर चालवते. लेकरं कुणाची, तर एसटीतल्या कंडक्टर ताईंची, दवाखान्यातल्या सिस्टरची, रोज अपडाऊन करणाऱ्या शिक्षिकेची, क्लासेसच्या ऑफिसात बसणाऱ्या मुलींची. औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड, कुठंही जा, अशी घरं सापडतात. पाटी क्वचितच असते, तोंडी ओळखीवर चालतं.

घरगुती पाळणाघराला परवाना सक्तीचा असावा, असं माझं ठाम मत आहे. तो कसा असावा ते पुढं लिहिते. पण “काकू, मला पण सुरू करायचंय, काय काय लागतं?” असं विचारणाऱ्या बायकांना कायद्याची वाट बघत बसा असं सांगून चालत नाही. म्हणून, उद्या तपासायला कोणी आलं तर दार उघडताना पोटात गोळा येणार नाही, असं घर आजच कसं करायचं ते सांगते. आईबापांनी हेच वाचून पाळणाघर पारखावं.

आधी कागद

शॉप ॲक्टचा कागद फ्रेम करून लावलेला असतो आणि लोक त्यालाच पाळणाघराचं लायसन समजतात. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वीसपेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) माणसं कामाला असतील तर फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची असते, तिची ही पोच. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पोर्टलवर फुकट होते. दोन्ही काढून ठेवा, बँकेत उपयोगी पडतात. पण या कागदांसाठी कोणी तुमचा जिना बघितलेला नसतो आणि हौदावर झाकण आहे का हेही विचारलेलं नसतं. आईबापांना हे स्वतःहून सांगा.

काही जण बाल न्याय कायद्याचं नाव घेतात. २०१५ च्या त्या कायद्यात संस्थांची नोंदणी सक्तीची आहे खरी, पण ती निराधार, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांच्या संस्थांसाठी. संध्याकाळी आईच्या कडेवर बसून घरी जाणारं लेकरू त्यात येत नाही. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागानं खासगी नर्सरी-केजीवाल्यांना पोर्टलवर नोंद करायला सांगितलं. ते तीन ते सहा वर्षांच्या शिक्षणासाठी. सात महिन्यांचं बाळ तिथंही बसत नाही. मी एका कार्यालयात चौकशीला गेले तर “बाई, तुमच्यासाठी आमच्याकडं फॉर्मच नाही,” असं उत्तर मिळालं.

पाणी आणि कूलर

सुरक्षिततेच्या छापील याद्यांत खेळणी, रंगीत भिंती, कॅमेरे असतात. मराठवाड्यातल्या घरात लेकराच्या जिवाला पहिला धोका साठवलेल्या पाण्याचा. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. तेव्हापासून तर रिकामं भांडं दिसलं की भरून ठेवायचं, अशी प्रत्येक घराला सवय पडलीय. निळे ड्रम, मोरीतलं घंगाळ, अंगणातला हौद, जिन्याखालची बादली. वर्ष-दीड वर्षाच्या लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ते बादलीत वाकलं की तोंडावर आत जातं आणि त्याला परत वर येता येत नाही. त्याला चार बोटं पाणी पुरतं, आणि आवाज होत नाही.

म्हणून माझ्या घरात लेकरं असतील तोवर जमिनीवर भरलेली बादली नसते. मोरीला बाहेरून, माझ्या खांद्याच्या उंचीवर कडी आहे. ड्रमला चुडीचं, फिरवून घट्ट लावायचं झाकण आहे. नुसतं वर ठेवलेलं ताट किंवा फळी चालत नाही, कारण लेकरू आधारासाठी हात टेकतं आणि ती फळीच सरकते. हौदावर लोखंडी जाळी आणि कुलूप. पाणी आलेल्या दिवशी सगळ्यात जास्त जपायचं, कारण त्या दिवशी आपण पाइप धरून धावपळीत असतो. त्या वेळी मदतीला येणारी मावशी लेकरांपाशीच बसते. पाणी भरायला मी एकटी. कमी भरलं तरी चालेल.

मार्च उजाडला की दुसरा धोका सुरू होतो, कूलरचा. पत्र्याची बॉडी, आत पाणी, बाहेर ओलसर फरशी आणि बेचाळीस डिग्रीत त्या गार पत्र्याला गाल लावायला येणारं लेकरू. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणीतरी गेल्याची बातमी येतेच. काय करायचं ते नीट सांगते. कूलर खोलीत नको, खिडकीच्या बाहेरच्या अंगाला स्टँडवर बसवा, आत फक्त हवा येऊ द्या. पिन तीनचीच हवी, आणि बोर्डाच्या मागं अर्थिंगची वायर खरंच जोडलेली आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तुमच्या डोळ्यांसमोर तपासून घ्या. पुष्कळ जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं दिसायला असतं. मेन बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो क्षणात लाइट पाडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर लाइट गेली नाही तर तो बिघडलाय. पाणी टाकताना आधी प्लग काढायचा, मग पाइप धरायचा. पाळणाघराचा पहिला पैसा मी खेळण्यांवर घातला नाही, या एका डबीवर घातला.

बाकीचं भराभर सांगते. गच्चीच्या दाराला कुलूप. फवारणीचं औषध, थायमेट, ॲसिड, फिनेल घरात असेल तर कुलपात, आणि शेतावरून आणलेलं काहीही थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. साडीची झोळी बांधायची सवय आपल्याकडं आहे, पण लेकरू बसायला लागलं की त्यात मान अडकू शकते, तेव्हा नजरेआड झोळी नको. तान्हं बाळ उताणं झोपवायचं, आजूबाजूला उशा-गोधड्यांचा ढीग नको. शेंगदाणे, फुटाणे, हरभऱ्याच्या ढाळ्यातले कोवळे दाणेसुद्धा चार वर्षांखाली अख्खे द्यायचे नाहीत, कुटून द्या. घशात काही अडकलंच तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब. अंदाजानं घशात बोट घालू नका, वस्तू आणखी खाली जाते. हे वाचून येत नाही. ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडं किंवा सिस्टरकडं जाऊन बाहुलीवर हात बसवून घ्या. १०८ नंबर दारामागं मोठ्या अक्षरात लिहा, त्याखाली घराचा पत्ता आणि खूण. घाबरल्यावर माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही.

किती लेकरं घ्यायची

इथंच बहुतेक पाळणाघरं बिघडतात. एक लेकरू जास्त घेतलं की तेवढी फी वाढते, आणि समोर रडवेली आई उभी असते, नाही म्हणवत नाही.

देशाच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा बालकांमागं एक सांभाळणारी आणि तीन ते सहा वयाच्या वीस बालकांमागं एक, असं प्रमाण दिलंय. मला दहा हा आकडा घरासाठी फार जास्त वाटतो. इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना स्वतःच्या घरी पैसे घेऊन रोज दोन तासांहून जास्त सांभाळायचं तर सरकारदरबारी नोंद सक्तीची आहे. तिथं एका बाईकडं आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा, त्यातली पाचच्या खालची तीन आणि एक वर्षाखालचं साधारण एकच. आपल्याकडं तेवढ्यावर घर चालणार नाही हे मी जाणते. पण त्यातली एक गोष्ट आजच उचलण्यासारखी आहे. त्या मोजणीत तिची स्वतःची लेकरंसुद्धा धरतात. तुमची नात, जावेचा मुलगा, शाळेतून दुपारी येणारा पुतण्या, सगळे मोजा.

मी मोजते ती अशी. स्वयंपाकघरात गॅस पेटला तर मी आणि मावशी मिळून एका फेरीत किती लेकरं बाहेर काढू? न चालणारं लेकरू एका कडेला एक. चालणारी हात धरून, ओढणी धरून. यावरून आमच्या दोघींत आठ लेकरं, त्यात वर्षाखालची दोनच, असं ठरलं. नवव्याची आई आली की तिचं नाव यादीत लिहून ठेवते आणि ओळखीचं दुसरं घर सांगते.

माणसं

मदतीला येणाऱ्या मावशीचं आधार घेऊन भागत नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो, तो तिचा घ्या आणि स्वतःचाही काढा. आईबापांनी मागायच्या आधी आपण दाखवला की तिलाही अपमान वाटत नाही.

आता घरातल्या पुरुषांचं. यावर बायका बोलायला कचरतात, पण पाळणाघर राहत्या घरात आहे म्हणजे नवरा, दीर, कॉलेजातला मुलगा, पाहुणे हे सगळे तिथं येणार. माझ्या घरी नियम सरळ आहे. लेकरांची खोली वेगळी आणि तिचं दार कधी पूर्ण लावायचं नाही. कपडे बदलणं, शी-शू मी किंवा मावशी, तिसरं कोणी नाही. मुक्कामी पाहुणा असेल तर आईबापांना आदल्या दिवशी कळवायचं. आमच्या घरच्यांनी हे आपल्यावरचा संशय म्हणून घेतलं नाही, उलट नवऱ्यानंच दाराला काच बसवून दिली. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, दडपणं हाही गुन्हा. चाइल्डलाइनचा १०९८ लेकरांच्या खोलीतच लिहिलेला असू द्या.

मारायचं नाही. चापटही नाही, अंधाऱ्या खोलीची भीतीही नाही. मावशीला पहिल्या दिवशी हे सांगायचं आणि एकदा हात उचलला तर दुसऱ्या दिवसापासून काम बंद, हेही सांगायचं.

वही

परवाना नसलेल्या घरात तुमची वहीच तुमच्या बाजूनं बोलते. मी दोनशे पानी मोठी वही आडवी आखते. आल्याची वेळ, कोणी सोडलं, अंगावर काय दिसलं, ताप आहे का, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, औषध, कोण घेऊन गेलं, वेळ, सही. एका सोमवारी आमच्या कंडक्टर ताई लेकराला सोडायला आल्या. लेकराच्या कपाळावर डाव्या बाजूला चिंचोक्याएवढं टेंगूळ होतं. मी लिहायला घेतलं तर म्हणाल्या, “काकू, घाईत आहे हो, पलंगावरून पडलाय, एवढंसं काय लिहिता?”

“ताई, संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं तर तुम्हालाही उपयोगी आणि मलाही. सही करा, डेपोत उशीर होत नाही एवढ्यानं.”

त्यांनी सही केली. आता त्या स्वतःच सांगतात, आज हे लागलंय, लिहून घ्या.

न्यायला कोण येणार त्याचे फोटो आणि नंबर पहिल्याच पानावर. एकदा एका लेकराचे सख्खे चुलते आले, “वहिनीनं पाठवलंय.” नाव यादीत नव्हतं. त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि वहिनीचा फोन लागेपर्यंत लेकरू आत ठेवलं. ते चिडले. चिडू द्यावं. नवरा-बायकोचं कोर्टात चालू असेल तर लेकरू कोणाच्या हाती द्यायचं हे कोर्टाच्या कागदावरून ठरवा, रडण्या-भांडण्यावरून नाही.

औषध फक्त डॉक्टरांची चिठ्ठी, बाटलीवर लेकराचं नाव आणि वहीत आईची सही असेल तरच. “थोडं सर्दीचं द्या, झोपेल शांत,” असं सांगणारे असतात. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं सिरप चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिली आहे. आणि आईबापहो, लेकरू रोज पाळणाघरातून पेंगत येत असेल, घरी भूक नसेल, हाक मारली तर उशिरा बघत असेल, तर “किती शांत झालाय” म्हणून समाधान मानू नका. दुपारी न सांगता जाऊन बघा. न सांगता आलेल्या आईला दारात अडवणारं पाळणाघर त्याच दिवशी सोडा.

फी, सुट्ट्या, उशीर झाला तर किती, ताप असेल तर घरी ठेवायचं, लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स, हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. साध्या मराठीत लिहा.

मग परवाना कसा हवा

२०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारल्याचं चित्रण सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. तेव्हा सगळे कायद्याची भाषा बोलत होते. शिक्षेचा कायदा तर आहेच. सांभाळायला दिलेल्या बालकाशी क्रूरपणे वागल्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आहे, संस्थेतल्या माणसानं केलं तर पाच वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत दंड. पण हे कलम काही घडून गेल्यावर लागू होतं. हौदावर झाकण नाही हे आधी बघणारं कोणीतरी हवं, आणि ते परवान्यानंच येतं.

विरोधात बोलणाऱ्यांचं मी मनापासून ऐकते, कारण त्या माझ्यासारख्याच बायका आहेत. त्या म्हणतात, तपासणीला येणारा पैसे मागेल. मीटर व्यापारी दरात जाईल. घरमालक खोली रिकामी करायला लावील. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, फी वाढली की धुणंभांडी करणारी बाई, गंजगोलाईत भाजी विकणारी बाई लेकरू कुठं ठेवील? कुलूप लावून घरात, नाहीतर मोठ्या मुलीची शाळा बंद करून तिच्या कडेवर. हे होतं. आपल्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मोठी मुलगी धाकट्यासाठी फडातच राहते, ही नवी गोष्ट नाही. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी असं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं ठरवलं. भाजीवालीला आस्थापना कुठली?

म्हणून परवाना असा मागायला हवा की गरीब बाई पळून जाणार नाही. नातेवाइकांची किंवा शेजारची दोन लेकरं सांभाळणाऱ्या आजीला काही नको. पैसे घेऊन तीन किंवा जास्त लेकरं असतील तिथून नोंद सक्तीची, आणि फुकट. घर राहतंच समजायचं, वीज आणि घरपट्टीचा दर बदलायचा नाही. तपासायला अंगणवाडीच्या मुख्यसेविकेसारखी, लेकरांच्या कामातलीच बाई, वर्षातून एकदा न सांगता. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सरकारी दवाखान्यात. किरकोळ त्रुटीला मुदत, आरसीसीबी आणि जाळीसाठी मदत; पाणी, वीज, मारहाण आणि मर्यादेपेक्षा जास्त लेकरं, एवढ्यावर मात्र लगेच बंद. आणि नोंद झालेल्या घरांची यादी प्रभागात लावलेली, कोणत्याही आईला वाचता येईल अशी.

हे घरी बसून होणार नाही. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा: आमचं पाळणाघर आहे, तपासणी करून नोंद करावी. आवकचा शिक्का आणि क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा, घरगुती पाळणाघराला कोणता नियम लागू आहे आणि तो कोण तपासतं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि “नियम नाही” हे लेखी उत्तरसुद्धा आमदारांपुढं ठेवायला कामाचं आहे. एकटीनं जाऊ नका. एका भागातल्या चार-पाच पाळणाघरवाल्या मिळून जा.

तोवर आम्हीच एकमेकींची घरं तपासतो, तसं तुम्हीही सुरू करू शकता. माझ्याकडं दुसऱ्या पाळणाघराची बाई आणि दवाखान्यात सिस्टर असलेली एका लेकराची आई, अशा दोघी येतात. पाणी, वीज, गच्ची, औषधं, लेकरांची संख्या, वही, एवढे सहाच मुद्दे बघतात. जे बरोबर नसेल ते तसंच लिहितात आणि तारीख टाकून सही करतात. तो कागद मी दारातच, चपला काढतात तिथं भिंतीला लावते. मागच्या वेळी त्यावर ‘जिन्याला खालून फाटक नाही’ असं लिहिलेलं होतं. फाटक बसल्यावर त्यापुढं दुसऱ्या शाईनं तारीख घातली.